तळाशीलकरबाई आणि दोन नळ्या

तळाशीलकरबाईंच्या लॅबमध्ये अमायलेजची टेस्ट लावलेली असताना कुणी बोलायचं नाही, असा नियम होता. तशी पाटी कुठे नव्हती. मला तो नियम पहिल्याच दिवशी कळला, खांद्यावर बसलेल्या फटक्याने.

मी बी.एस्सी. होऊन, वर लॅबचा एक वर्षाचा कोर्स करून नुकतीच तिथे लागले होते. घाटकोपर पूर्वेला साठ खाटांचं एका ट्रस्टचं इस्पितळ होतं. आज त्या जागी टॉवर उभा आहे. लॅब जिन्याखाली होती, एका खिडकीची. तेव्हा पिपेट तोंडानेच ओढायची. मी सीरम ओढलं, पिपेट तोंडातून काढली आणि उघड्या टेस्ट ट्यूबवर वाकून विचारलं, "बाई, ही नळी कुठल्या स्टँडवर?" फटका बसला.

"तुझ्या थुंकीत पण तेच आसा," बाई म्हणाल्या. "पोटातलं अमायलेज आणि तोंडातलं अमायलेज, टेस्टला फरक कळत नाय. एक शिंतोडा उडाला की पेशंटचा आकडा वर. आणि त्या आकड्यावर वरचे डॉक्टर ठरवणार, पोट उघडायचं का नाही. गप रव."

बाईंनी ती नळी बेसिनमध्ये ओतली आणि मला सगळं पहिल्यापासून करायला लावलं.

टेस्ट साधी होती. पिठाच्या पाण्यात पेशंटचं सीरम घालायचं, थोड्या वेळाने आयोडीन. पीठ शिल्लक असेल तर गडद निळा रंग येतो. पोटातल्या स्वादुपिंडाला सूज आली असेल तर त्याचा पाचक रस, म्हणजे हे अमायलेज, रक्तात झिरपलेला असतो. तो पीठ खाऊन टाकतो आणि निळा रंग फिका पडतो. त्या रंगावर माणसाचं काय काय ठरायचं ते मला पुढे कळत गेलं. बाईंना ते आधीच ठाऊक होतं, त्यामुळे त्या नळीकडे अशा बघायच्या की बघणाऱ्याला भीती वाटावी.

बाई तेव्हा बावन्न-त्रेपन्नच्या असतील. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, आवळून बांधलेला अंबाडा, सुती पाचवारीवर एप्रन. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधायच्या, म्हणजे हातात नळी धरली तरी काटा दिसतो. गाव मालवणजवळचं तळाशील. वडील लालबागला गिरणीत होते, पुढे भाऊही गिरणीत लागला. बाई या इस्पितळात आल्या त्या बाटल्या धुवायला. बाटल्या धुता धुता त्यांनी रक्त मोजायला शिकून घेतलं, मग मायक्रोस्कोप शिकल्या, आणि एकेक टेक्निशियन सोडून जात गेला तशी लॅब त्यांच्याकडे आली. डिग्री नव्हती. रिपोर्टवर त्यांच्या सहीखाली नुसतं 'लॅब' लिहिलेलं असायचं. संपानंतर भाऊ घरीच बसला होता. पंतनगरच्या त्या घरात लग्न न केलेल्या बाईंच्या पगारावर पाच माणसं जेवत होती. हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. त्या रिक्षावाल्याशी बोलत असताना मी ऐकलं.

'नॉर्मल' हा शब्द त्या उच्चारत नसत. कुणी नातेवाईक खिडकीशी येऊन विचारायचा, "बाई, रिपोर्ट नॉर्मल आहे ना?" बाई म्हणायच्या, "आजचा ठीक आहे." तो बिचारा आणखी घाबरायचा.

त्यांच्याकडे एका चपट्या लाकडी पेटीत दोन काचा होत्या. मुलुंडच्या एका कॉलेजात प्राण्यांची खोली सांभाळणारा त्यांच्या गावचा माणूस होता. त्याच्याकडून आणलेल्या दोन उंदरांच्या स्वादुपिंडाचे काप. मी महिनाभर टिकले तेव्हा एका दुपारी बाईंनी पहिली काच मायक्रोस्कोपखाली लावली.

"हा उपाशी होता. काय दिसतं?"

पेशी गोल करून बसल्या होत्या, मधल्या बारीक नळीकडे तोंड करून. प्रत्येक पेशीच्या त्या तोंडाच्या बाजूला गुलाबी दाणे ठासून भरलेले.

"दाणे," मी म्हटलं.

"आता हा. ह्याने तासापूर्वी पोटभर खाल्लं होतं."

दुसऱ्या काचेत त्याच पेशी, पण दाणे जवळजवळ संपलेले. तोंडाशी थोडे उरले होते, बाकी जागा मोकळी.

"पचवायचं सगळं औषध त्या दाण्यांत बांधून ठेवलेलं असतं," बाई म्हणाल्या. "पेशी ते तयार करून काठावर आणून ठेवते आणि थांबते. अन्न आतड्यात उतरलं, त्यातलं तेल आतड्याच्या भिंतीला लागलं, की भिंत रक्तातून निरोप पाठवते. निरोप आला की दाणा पेशीच्या काठाला चिकटतो आणि तिथेच उघडतो. रस नळीत पडतो. निरोप नाही आला तर दिवसभर तसाच बसतो. आणि बाहेर पडतो तेव्हा पण त्यातला मांस पचवणारा भाग झोपलेलाच असतो. आतड्यात पोचल्यावर जागा होतो."

"एवढी सगळी काळजी कशाला?"

बाईंनी माझ्या दंडाला चिमटा काढला. "हे काय आहे? मांसच ना? तो आतल्या आत जागा झाला तर आधी कोणाला खाईल?"

रंजना आमच्याकडे आली ती त्यानंतर वर्षाभराने. चोवीस वर्षांची, लग्नाला दोन वर्षं झालेली, सासर मालाडला. नवरा साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर होता आणि त्या वर्कशॉपची माणसं आमच्या इस्पितळात यायची. जेवलं की तिच्या पोटात कळ यायची आणि ती पुढे वाकून, गुडघे पोटाशी घेऊन बसायची. सहा महिन्यांत अंगावरचं सगळं मांस गेलं होतं. एक्स-रे साफ, रक्त ठीक, अमायलेजही वाढलेलं नाही.

आमचे मोठे डॉक्टर सबनीस. उंच, टापटीप, कडक टाय, आणि बोलणं मोजकं. वाईट माणूस मुळीच नाही. पण आठ दिवस सगळं तपासून त्यांचं मत असं झालं की दुखणं मनाचं आहे. सासूने ते मत चटकन उचललं.

"मी सांगतच होते," ती वॉर्डात सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "घरात काम पडलं की हिच्या पोटात दुखतं. सोमवारी सोडतायत ना? मग इथूनच गाडीत बसवते. राहू दे आईकडे गावाला, बरी झाली की बघू."

बघू म्हणजे काय ते वॉर्डातल्या सगळ्या बायकांना कळलं. नवरा खाली बघत उभा होता.

रंजनाचं शौच तपासायला लॅबमध्ये आलं होतं. बाईंनी ते स्वतः पाहिलं, मग मला बोलावलं. लाल रंग घातल्यावर काचेवर केशरी थेंबच थेंब तरंगत होते. खाल्लेलं तेल, न पचता बाहेर आलेलं.

बाई काच हातात घेऊनच सबनीसांच्या केबिनमध्ये गेल्या. मी मागे.

"डॉक्टर, नाटक करणारीच्या शौचात तेल नाही तरंगत."

सबनीसांनी मान वर केली. "तेल दहा कारणांनी येतं, बाई. आतड्याचं काहीही असू शकतं."

"स्वादुपिंडाचं पण असू शकतं. त्यात रसच होत नसेल तर रक्तात कुठून जाणार? अमायलेज साधंच येणार. नळी घालून बघूया. आतड्यातून रस काढून."

"तुम्ही टेक्निशियन आहात, बाई."

"होय. म्हणून तर विचारायला आले."

सबनीसांनी थोडा वेळ पेन टेबलावर आपटलं. "शनिवारी करा. सोमवारी मी तिला सोडणार आहे. खाट अडवून ठेवता येणार नाही."

ती टेस्ट आम्ही त्याआधी आठ-दहा जणांवर केली होती. उपाशी पोटी पेशंटने एक लांब रबरी नळी गिळायची, टोकाला वजन. टोक आतड्यात पोचलं की नाही ते एक्स-रेवर बघायचं. मग दुधाची पावडर, गोडंतेल आणि ग्लुकोज फेटून केलेलं पेय प्यायला द्यायचं. तेल आतड्यात उतरतं, निरोप जातो, आणि स्वादुपिंडाने सोडलेला रस नळीतून थेंब थेंब बाटलीत येतो. बाटली बर्फात ठेवायची. दोन तास.

आलेल्या रसात दम आहे का हे बघायची बाईंची पद्धत बिनखर्चाची होती. जुन्या, वाया गेलेल्या एक्स-रे फिल्मवर काळा थर असतो, तो जिलेटिनवर धरलेला असतो. त्यावर रसाचे पाच थेंब ओळीने ठेवायचे, पहिला तसाच, पुढचे पाणी घालून पातळ पातळ करत. फिल्म ऊबदार पेटीत ठेवायची आणि मग नळाखाली धरायची. रस कामाचा असेल तर तो जिलेटिन खातो, काळा थर निघून जातो आणि तिथे स्वच्छ गोल खिडकी पडते. धडधाकट माणसाच्या चार खिडक्या पडायच्या, कधी पाच.

शनिवारी रंजनाने नळी गिळली. तीनदा ओकली, चौथ्यांदा टिकली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तिने हात झटकला नाही. नळीतून पिवळसर पाणी येत राहिलं. साडेदहाला लाइट गेले, ऊबदार पेटी बंद पडली आणि रस फिल्मवर लावायचा राहिला. बर्फाची लादी सकाळची होती, गोणपाटात. लाइट येईपर्यंत बर्फाच्या पेटीतली बाटली कोमट पाण्यात तरंगत होती. मी ते बघितलं आणि त्याचा विचार केला नाही.

दुपारी मी फिल्म धुतली. पाचही थेंबांच्या जागा काळ्या. एकही खिडकी नाही.

मला इतका आनंद झाला की मी जिना चढून धावतच वॉर्डात गेले आणि रंजनाला सांगितलं, "सापडलं! तुझं दुखणं खरं आहे. रसच नाही." ती उठून बसली. शेजारच्या खाटेवरच्या बाईने तिच्या पाठीवर हात फिरवला.

मी खाली आले तेव्हा बाई बर्फाच्या पेटीत हात घालून उभ्या होत्या.

"हे पाणी कधीपासून कोमट आहे?"

मी सांगितलं.

"मग हा रिझल्ट माझा नाही. रस गरम राहिला की स्वतःलाच खातो. फिल्मवर ठेवेपर्यंत त्यात दम उरला नसेल, किंवा पहिल्यापासून नसेल. कोण सांगणार?"

"पण बाई, तिचं खरंच..."

"तिचं खरं आहे असं मला पण वाटतं. वाटतं ते रिपोर्टवर लिहायचं नसतं. कोणाला सांगितलंस काय?"

माझ्या तोंडाकडे बघून त्यांना कळलं. मला वाटलं, आता फटका बसेल. बाई स्टुलावर बसल्या, पोटाशी एक हात धरून, आणि हळू आवाजात बोलल्या. ते मी त्यांच्याकडून एकदाच ऐकलं.

"मी नवीन होते. एक माणूस आला, पोट दगडासारखं. डॉक्टरांना समजेना, अल्सर फुटलाय का स्वादुपिंड सुजलंय. अल्सर असेल तर लगेच उघडायचं, स्वादुपिंड असेल तर हात लावायचा नाही. मला म्हणाले, अमायलेज कर. मी आणि दुसरी एक, आम्ही जत्रेला कधी जायचं ते बोलत होतो. बोलता बोलता नळ्या भरल्या. आकडा हा एवढा आला. त्यांनी उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. उरलेलं सीरम मी परत लावलं, तर आकडा साधा. अल्सरच होता."

"तुम्ही सांगितलंत कोणाला?"

"सांगितलं. तेव्हाचे मोठे डॉक्टर म्हणाले, आता कशाला? बाटल्या धू जा." बाई उठल्या. "तू वर जा आणि रंजनाला सांग की तू चुकीचं बोललीस. मी नाही येणार. तूच सांग."

त्या जिन्याच्या पायऱ्या मला अजून आठवतात. रंजनाने ऐकून घेतलं, रडली नाही. म्हणाली, "जाऊ दे, ताई. परत ती नळी नको. मी जाते गावाला."

संध्याकाळी बाई स्वतः वर गेल्या. रंजना भिंतीकडे तोंड करून झोपली होती. सासू खाटेच्या कडेला बसलेली.

"सोमवारी सकाळी परत करूया," बाई म्हणाल्या.

"नको म्हणाली ना ती," सासू म्हणाली. "किती हाल करणार पोरीचे?"

बाईंनी सासूकडे बघितलंच नाही. "रंजना, मी पण गिळते. तुझ्या शेजारच्या खाटेवर. तुझी बाटली आणि माझी बाटली एकाच बर्फात. माझ्या खिडक्या पडल्या आणि तुझ्या नाही पडल्या, तर कोण म्हणेल बर्फ वितळला? बोल."

रंजनाने कूस बदलली. "तुम्ही? तुम्हाला कशाला त्रास?"

"माका सवय नाय, तुका आसा. तूच शिकव."

सोमवारी सात वाजता बर्फाच्या तीन लाद्या आल्या. बाई एप्रन काढून खाटेवर बसल्या. एप्रनशिवाय त्या केवढ्या वाळल्या आहेत हे मला पहिल्यांदा दिसलं. ब्लाउजच्या बाह्या दंडावर लोंबत होत्या. नळी त्यांनी एका दमात गिळली, फक्त डोळे गच्च मिटले. रंजना पहिल्या वेळेपेक्षा शांत होती. दोघी ते तेलकट पेय प्यायल्या आणि डाव्या कुशीवर पडल्या. दोन नळ्या, दोन बाटल्या, मध्ये मी.

नऊच्या राउंडला सबनीस आले आणि दारातच थांबले. "हा काय तमाशा आहे?"

बाईंना बोलता येईना. त्यांनी मनगट वर केलं, घड्याळ दाखवलं आणि बोटांनी खूण केली: अजून चाळीस मिनिटं. सबनीस पुढच्या खाटेकडे गेले.

बर्फ शेवटपर्यंत कडक होता. मी दर पाच मिनिटांनी हात घालून बघत होते, बोटं बधिर झाली होती. दोन्ही बाटल्यांत थोडाच रस जमला. बाईंच्या बाटलीत जास्त येईल असं मला वाटलं होतं, पण तसं काही दिसलं नाही.

अकरा वाजता मी एकाच फिल्मवर दोन ओळी घातल्या. वर रंजना, खाली बाई. बाई नळी काढून, तोंड धुऊन खाली आल्या होत्या. ऊबदार पेटीसमोर आम्ही तास काढला. मग त्यांनी मला मानेने खूण केली आणि मी फिल्म नळाखाली धरली.

वरची ओळ काळीच राहिली. खालच्या ओळीत पहिल्या थेंबाच्या जागी एक धुरकट खिडकी पडली. दुसरी नाही. तिसरी नाही.

मी फिल्म हलवली, पुन्हा धुतली. काही सुटलं असेल म्हणून अंगठ्याने हळूच चोळून बघितलं.

"चोळू नको," बाई म्हणाल्या. "परत लाव. बाटलीत उरलेला."

परत लावला. तेच. बाईंनी ती ओली फिल्म चिमट्याने धरली आणि खिडकीच्या उजेडात बराच वेळ बघितली. एक हात पोटावर होता. गेले कितीतरी दिवस त्या उभ्या राहून काम करताना टेबलाच्या कडेला पोट टेकवून वाकायच्या, हे मी रोज बघत होते, आणि ते मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

"चल वर," त्या म्हणाल्या.

सबनीसांच्या टेबलावर रंजनाचे डिस्चार्जचे कागद होते. नवरा आणि सासू समोर उभे. सबनीसांनी फिल्म घेतली, दोन्ही ओळी पाहिल्या आणि परत ठेवली.

"हे काय सिद्ध करतं, बाई? तिच्या खिडक्या नाहीत. तुमच्याही नाहीत, एक अर्धवट सोडली तर. तुम्ही तर धडधाकट आहात. म्हणजे पद्धतच चुकते आहे. फिल्म जुनी असेल, पेटीची ऊब कमी असेल."

"पद्धत बरोबर आहे."

"कशावरून?"

बाईंनी टेबलावरची फिल्म उचलून हातात घेतली. मला माहीत होतं की त्यांच्याकडे उत्तर आहे. त्या बोलल्या नसत्या तर रंजना गावाच्या गाडीत बसली असती आणि बाई खाली येऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा नळ्या भरायला लागल्या असत्या. कोणालाही काही कळलं नसतं.

"कारण मी धडधाकट नाही," बाई म्हणाल्या. "चार महिने झाले. जेवल्यावर कळ येते, पाठीत जाते. शौचात तेल आहे. मी माझी मीच काच बघितली होती. म्हटलं असेल काहीतरी."

सासूच्या हातातली पिशवी खाली टेकली.

"तुम्ही मला का नाही सांगितलंत?" सबनीस म्हणाले.

"आता सांगितलं."

सबनीस उठले, खिडकीशी गेले, परत आले. डिस्चार्जचे कागद त्यांनी ड्रॉवरमध्ये टाकले. "एक धडधाकट माणूस हवा. म्हणजे पद्धत बरोबर की चूक ते कळेल." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "उद्या सात वाजता. मी उपाशी येतो."

मंगळवारी डॉक्टर सबनीस टाय काढून त्या खाटेवर बसले. त्यांना नळी काही गिळता येईना. दोनदा ओकले. कपाळावर घाम आला, कान लाल झाले. समोरच्या खाटेवरून रंजना बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही.

"डॉक्टर, नाकाने श्वास घ्या," ती म्हणाली. "आणि वर बघू नका. घोट घ्या, नळीचा विचार करू नका."

डॉक्टरांनी तिचं ऐकलं. नळी गेली.

त्यांच्या रसाच्या पाच खिडक्या पडल्या, काचेसारख्या स्वच्छ. त्याच जुन्या फिल्मच्या दुसऱ्या तुकड्यावर, त्याच पेटीत. सबनीसांनी फिल्म डोळ्यांसमोर धरली आणि त्या खिडक्यांमधून मला त्यांचा डोळा दिसला. ते वॉर्डात गेले आणि सगळ्यांदेखत सासूला म्हणाले, "माझी चूक झाली. हिचं दुखणं खरं आहे. हिचं स्वादुपिंड काम करत नाही. हिला प्रत्येक घासाबरोबर औषध लागणार आहे, आणि ती तुमच्या घरी राहून घेणार आहे."

"म्हणजे खरंच दुखत होतं?" सासूने विचारलं. आवाज एकदम बारीक झाला होता.

"खरंच."

ती खाटेच्या कडेला बसली. थोड्या वेळाने तिने रंजनाचे पाय मांडीवर घेतले. माफी वगैरे काही मागितली नाही.

रंजनाला जेवणाबरोबर घ्यायची पाचक भुकटी मिळाली. पूर्ण बरी ती कधीच झाली नाही, कळ अधूनमधून यायची, पण अंग धरलं. पुढे ती दर महिन्याला मालाडहून यायची आणि आधी लॅबच्या खिडकीशी थांबायची.

बाईंना सबनीस स्वतः टॅक्सीने शहरातल्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेले. स्वादुपिंडात गाठ होती. तिथल्या सर्जनने पोट उघडलं, पाहिलं आणि शिवून टाकलं. तीन आठवड्यांनी बाई कामावर हजर. सबनीस म्हणाले, "बाई, घरी बसा, पगार मिळेल याची व्यवस्था मी केली आहे." बाई म्हणाल्या, "घरी बसून काय करू? भाऊ बसलाय तेवढा पुरे."

अडीच महिने त्यांनी मला शिकवलं. कुठलं रसायन कधी खराब होतं, कुठल्या डॉक्टरचं अक्षर कसं वाचायचं, रिपोर्ट मागायला आलेल्या माणसाला कधी आत बसवायचं. मी चुकले की आता फटका बसत नव्हता, हात तेवढा वर जायचा आणि खाली यायचा. ते मला सहन व्हायचं नाही. एकदा मी मुद्दाम चूक केली. त्यांना कळलं. "माझा वेळ फुकट घालवू नको, चेडवा," त्या म्हणाल्या.

मग एके दिवशी त्यांनी ठरवलं की आता गावाला. कुर्ल्याच्या डेपोतून मालवणची एस.टी. सकाळची होती. मी पोचले तेव्हा त्या खिडकीशी बसल्या होत्या, शेजारी भाऊ, पायाशी एक गाठोडं. अंगात लोकरीचा स्वेटर, भर उन्हाळ्यात. मी खिडकीखाली उभी राहिले.

"आत्ता लॅबमध्ये कोण आहे?" बाईंनी विचारलं.

"कोणी नाही. दोन तास सुट्टी घेतली."

"आणि तेवढ्यात कोणी आला तर?"

"बाई..."

"मगे जा ना. इथे उभी राहून काय होणार आहे?"

मी गेले नाही. त्यांनीही परत सांगितलं नाही. कंडक्टरने घंटी मारली, गाडी मागे आली, धूर निघाला. मी हात वर केला. पण पुढच्या सीटवरच्या बाईच्या मांडीवरचं लहान पोर गाडीच्या धक्क्याने उलटीला आलं होतं आणि त्याची आई नुसतीच गोंधळली होती. बाई उठल्या. एका हाताने सीटचा दांडा धरून त्यांनी त्या पोराला खिडकीकडे वळवलं आणि त्याचं डोकं बाहेर काढून धरलं. भाऊ मागून "बस गो, बस" म्हणत होता. गाडी डेपोच्या फाटकातून वळली तेव्हा मला त्यांची पाठ दिसली, आणि त्या पोराच्या कपाळावर घट्ट ठेवलेला त्यांचा हात.